हरेगावची पायी वाट

नगरहून हरेगावला गाडीने जाता येतं. आमचा गट चालत जातो. पुढे मतमाउलीचा, म्हणजे येशूची आई पवित्र मारियेचा, झेंडा, मागे जपमाळ म्हणणाऱ्या बायका. विळद, राहुरी, देवळाली प्रवरा, बेलापूर, श्रीरामपूर. 8 सप्टेंबरला पवित्र मारियेचा जन्मदिन, त्याच्या पुढेमागे यात्रा भरते. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि पाऊस झाला की काळी माती चपला सोडत नाही.

हरेगाव म्हणजे बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचं गाव. कारखाना बंद पडला, यात्रा वाढत गेली. माझे आजोबा याच पट्ट्यात उसात राबले, त्यामुळे या रस्त्यावर मला श्रमाचा विचार सुचतोच.

यंदा सोबत एक मावशी होत्या. शाळेत पोषण आहार शिजवतात. मुक्कामाला सगळे पाय चोळत बसले, तेव्हा त्या भिंतीवरच्या दिव्याखाली ताट घेऊन तांदूळ निवडायला बसल्या. तांदूळ तसा स्वच्छच होता. मी म्हटलं, "मावशी, राहू द्या, दमलात." त्या म्हणाल्या, "अगं, एक खडा राहिला तरी कुणाच्या तरी दातांखाली येणारच ना." सगळा तांदूळ निवडून झाल्यावरच त्या उठल्या. मग मोठं पातेलं राखेने घासलं, बुडाकडून, जिथे कुणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चालताना मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या मारियेच्या प्रवासाचा विचार करत होते. देवदूताचा निरोप मिळाल्यावर ती लगबगीने यहुदाच्या डोंगराळ मुलखात आपल्या नात्यातल्या अलीशिबेकडे गेली. नासरेथपासून ती वाट शंभर किलोमीटरहून जास्त. अलीशिबा म्हातारी आणि दिवस गेलेली. मारिया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली, एवढंच लूक सांगतो. त्या तीन महिन्यांत तिने काय केलं असेल? पाणी भरलं असेल, दळलं असेल, धुणं धुतलं असेल. प्रभू येशूला पोटात घेऊन ती घरकामाला गेली, असं मी समजते. आपण नवस घेऊन जिच्याकडे चालत जातो, ती स्वतः चालत गेली ती राबायला.

मी परिचारिका आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री तीनला आपण कूस बदलली की नुसती तक्त्यावर नोंद केली, हे विचारायला कोणी येत नाही. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असं प्रेषित पौल कलस्सै गावच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो, ते मला या तीन वाजताच्या कामासाठीच लिहिलेलं वाटतं. त्याने ते लिहिलं दासांना, ज्यांच्या कष्टाला किंमत नव्हती त्यांना. लगेच पुढे तो धन्यांनाही बजावतो की दासांशी न्यायाने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. प्रवचनात पहिली ओळ येते आणि दुसरी गाळली जाते, तेव्हा मला राग येतो. जीव ओतून काम करणाऱ्या बाईला पुरता पगार आणि झोप मिळायलाच हवी, हेही त्याच शुभवर्तमानात बसतं.

श्रीरामपूर सोडल्यावर गर्दी वाढली. नाशिक, जालना, औरंगाबादकडचे लोक भेटत गेले. चहा देणाऱ्या एका शेतकऱ्याने आम्हाला 'माउली' म्हणून हाक मारली, आषाढात वारकऱ्यांना मारतात तशीच.

हरेगावला मेणबत्त्यांसाठी मोठी रांग होती. मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, झाल्यावर मावशींना विचारलं, काय मागितलंत?

"सोमवारी शाळेत नवा तांदूळ येणार आहे," त्या म्हणाल्या. "चांगला येऊ दे म्हटलं. मागचा फार कणीचा होता, पोरं अर्धं ताट टाकून उठायची."