दोघांनीही लिहिलं, ‘समोरचा रेंगाळत होता’

दोन माणसांनी दोन खोल्यांत बसून, एकमेकांचे ठोके ऐकत एका लयीत राहायचं, असा आमचा प्रयोग. एका जोडीच्या चार फेऱ्या झाल्या आणि चारही फेऱ्यांत लय सारखीच उतरत गेली. सुरुवातीला दोन ठोक्यांमध्ये 500 मिलिसेकंद, मिनिटभरात 560च्या आसपास. सहकाऱ्यानं आलेखावर नजर टाकली आणि निकाल देऊन टाकला: जोडी कच्ची आहे, डेटा बाद कर.

मला ते पटेना. दोघांचेही एकेकट्याचे ठोके मी आधी तपासले होते. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक अंतरानं ठोके देणारं यंत्र, बंद झाल्यावरही अंतर 500च्या आगेमागे फार तर 20 मिलिसेकंद हलत होतं. एकटे असताना इतके पक्के असलेले दोघं एकत्र आल्यावरच बिघडत असतील, तर आधी त्यांच्या मध्ये काय बसलंय ते बघायला हवं. बाद करणं सोपं असतं, म्हणून आमच्याकडे ते फार लवकर होतं.

मांडणी साधी असते. दोन खोल्या, दोन रबरी पॅड, दोन हेडफोन. मेट्रोनोमचे आठ ठोके ऐकायचे, तो थांबला की एकमेकांचे ठोके ऐकत मिनिटभर बरोबर राहायचं. एकमेकांना पाहता येऊ द्यायचं नाही, कारण खांदा हलला तरी आवाजाच्या आधी इशारा मिळतो. पॅडखाली जाड फोम हवाच, नाहीतर टेबलाचा आवाज कानावर येतो.

मग मी उशीर मोजायला घेतला, म्हणजे एकाचा ठोका दुसऱ्याच्या कानात पोहोचायला किती वेळ लागतो ते. मिलिसेकंदांचा हिशेब मांडणारी माणसं स्वतःच्या यंत्राचा उशीर मात्र सॉफ्टवेअरनं सांगितला तसा लिहून घेतात, याचा मला मनापासून राग येतो. पॅडला कॉन्टॅक्ट माइक (थेट कंपन पकडणारा माइक) चिकटवला, तो रेकॉर्डरच्या डाव्या चॅनलवर. लांब वायर टाकून पलीकडच्या खोलीतल्या हेडफोनच्या कपात दुसरा माइक ठेवला, तो उजव्या चॅनलवर. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं पॅडवर वीस ठोके दिले आणि दोन्ही लहरींच्या पहिल्या उसळीमधलं अंतर मोजलं. सरासरी 58 मिलिसेकंद. उलट्या दिशेनंही तेवढीच. पडद्यावर आकडा होता 23.

आवाज पुढे पाठवण्याआधी संगणक त्याचे नमुने, म्हणजे सॅम्पल, थोडे थोडे साठवतो. तो साठा म्हणजे बफर. कुणीतरी तो 1024 सॅम्पलवर ठेवला होता. सेकंदाला 44,100 सॅम्पल धरले तर एक बफर भरायला 23 मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एक आणि बाहेर जाताना एक, म्हणजे 46. उरलेला उशीर ड्रायव्हरचा (साउंड कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग). हवेतून आवाज 58 मिलिसेकंदांत जवळपास 20 मीटर जातो. शेजारशेजारच्या खोल्यांतली ही माणसं आम्ही मैदानाच्या दोन टोकांना उभी केली होती.

आता त्यांच्या बाजूनं बघा. स्वतःचा ठोका बोटाला तत्क्षणी कळतो, समोरच्याचा मात्र उशिरा ऐकू येतो. म्हणून प्रत्येकाला वाटतं, तो मागे पडलाय, जरा थांबू. ऐकू आलेल्या फरकाचा तिसरा हिस्सा जरी भरून काढला, तरी पुढचा ठोका 20 मिलिसेकंदांनी लांबतो. पण थांबतात दोघंही, आणि सारखेच थांबतात. त्यामुळे फरक मिटतच नाही, पुढच्या ठोक्यालाही तो तेवढाच ऐकू येतो. हळूहळू मनातली लयही त्या लांबलेल्या अंतरालाच खरं मानायला लागते. सांभाळून घेण्याच्या नादात दोघं मिळून लय खाली आणतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक ख्रिस चेफ यांनी टाळ्या वाजवणाऱ्या जोड्यांवर हे तपासलं आहे. उशीर 11.5 मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर लय टिकते, त्याहून वाढला की उतरते, आणि फार कमी असेल तर चढते. बफर 128वर आणला, पुन्हा वीस ठोके मोजले. उशीर 10 मिलिसेकंद. त्याच जोडीला पुन्हा बसवलं आणि लय 500ला चिकटून राहिली.

लय सुधारल्यावर आधी झाकलेली एक गोष्ट दिसली. एक जण एका ठोक्याला पुढे, पुढच्याच ठोक्याला मागे, आणि दुसऱ्याचं बरोबर उलट. दोघंही दुरुस्ती करतात आणि दोघांची मिळून ती फरकापेक्षा जास्त होते, म्हणून चूक पलीकडच्या बाजूला जाते. संशोधक इवाना कोन्वालिंका आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये हेच दाखवलं होतं: एकमेकांना ऐकणाऱ्या जोडीत पुढारी कुणी नसतो, दोघंही अनुयायी असतात. शेवटच्या फेरीत मी एकालाच सांगितलं, ‘तू तुझी लय धर, समोरच्याच्या मागे जाऊ नकोस.’ नागमोड बरीच कमी झाली.

माझ्या डोक्यातून जात नाही ती फेरीनंतर दोघांकडून भरून घेतलेली प्रश्नावली. ‘कोण मागे राहत होतं?’ पहिल्या चार फेऱ्यांनंतर दोघांनीही लिहिलं, समोरचा. ते खरंच होतं, कानांनी त्यांना तेच सांगितलं होतं. उशीर काढल्यानंतरच्या पहिल्या फेरीला, कुणालाही काही सूचना देण्याआधी, एकानं लिहिलं, ‘कुणीच नाही.’ दुसऱ्यानं पुन्हा ‘समोरचा’ असंच लिहिलं. आलेखात त्या फेरीची सरासरी दोघांची सारखी आहे. आधी बसलेलं मत सुटलं नसेल, किंवा नागमोडीतले फक्त उशिराचे ठोके त्याच्या लक्षात राहिले असतील. एका जोडीवरून हे वेगळं करता येत नाही.

पुढच्या निम्म्या जोड्यांना उलट्या क्रमानं बसवतोय, आधी 10 मिलिसेकंद उशीर, मग 58. त्या चार फेऱ्या बाद केलेल्या नाहीत. वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत आणि प्रत्येक फाइलच्या नावात उशीर लिहिला आहे.