वाचनालयात लागलेलं लग्न

"अगं, पण अक्षता नाहीत तर लोकांनी हातात धरायचं काय?"

आजीचा हा प्रश्न मला तेव्हा अडवणुकीचा वाटला होता. भटजी नकोत, मंगल कार्यालय नको, लग्न आपल्या गावच्या वाचनालयात करायचं, असं आम्ही घरी सांगितलं. आई गप्प बसली, बाबांनी शेतीच्या सातबाऱ्याचा विषय काढला आणि आजीनं हे विचारलं. पुढच्या पाच महिन्यांत मला कळलं की तिघांत सगळ्यात मुद्द्याचं आजीच बोलली होती.

वाचनालयच का, ते सांगते. मी आठवीपासून तिथे जाते. बाबांच्या कार्डावर एका वेळी एकच पुस्तक मिळायचं, म्हणून जाडजूड बघून न्यायचे. तिथल्याच व्याख्यानमालेत आमची दोघांची ओळख झाली. तो मराठवाड्यातला, नोकरीनिमित्त इकडे आलेला. जात वेगळी, धर्म एकच. वरच्या मजल्यावरच्या त्या सभागृहात उभं राहून एकमेकांना शब्द द्यावा, असं दोघांनाही आतून वाटत होतं.

आधी कायद्याचं. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो, आमचाही झाला. आम्हाला वाटलं, वाचनालयात हार घालू, मग जाऊन नोंदणी करू. वकीलबाईंनी तिथेच थांबवलं. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न धरायचं तर दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात. ते झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं लग्न सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2024 साली स्पष्ट सांगितलंय. आम्हाला विधी ठरावीक पद्धतीनं करायचेच नव्हते. म्हणून 1954 चा विशेष विवाह कायदा. तो फक्त आंतरधर्मीय लग्नांसाठी असतो असा समज आहे, पण तसं काही नाही. अटी पूर्ण करणारे कुठल्याही धर्माचे, एकाच धर्माचेही, स्त्री-पुरुष त्याखाली लग्न करू शकतात.

बाबांची भीती शेतीची होती. या कायद्यानं लग्न केलं की माणूस एकत्र कुटुंबातून वेगळा धरला जातो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा अगदीच चूक नव्हता, तसं कलम आहे. पण 1976 च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको दोघंही हिंदू असतील तर ते लागू होत नाही. वकीलबाईंनी कलम काढून वाचून दाखवलं. बाबांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि त्या दिवसापासून ते आमच्या बाजूचे झाले. घरच्यांचा विरोध म्हणजे तत्त्वाचा विरोध असं मी धरून चालले होते. बाबांना फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि ते मी दोन महिने दिलं नव्हतं.

मग नोटीस. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहत असला पाहिजे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयात लावतात. 30 दिवसांत हरकत आली नाही की लग्न करता येतं. पण नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस बाद होते, हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही हौसेनं ऑगस्टमध्येच नोटीस दिली. सभागृहाची तारीख मिळाली डिसेंबरची. सगळं परत: अर्ज, फोटो, जन्माचे आणि राहण्याचे पुरावे, दोघांची रजा. तुम्ही करणार असाल तर आधी जागा आणि तारीख पक्की करा, आणि त्याच्या साधारण दोन महिने आधी नोटीस द्या.

त्याचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात, त्यामुळे नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही गेली आणि तिथेही लागली. त्याच्या गावचा कुणीतरी कामाला गेला होता, त्यानं ती वाचली आणि फोटो काढून भावकीत फिरवला. त्याच्या आईवडिलांना आम्ही सगळं सांगितलेलं होतं, पण भावकीला त्यांनी अजून कळवलं नव्हतं. चार दिवस त्यांचा फोन थांबला नाही. हरकत घेऊ, अशी भाषाही झाली. हरकतीची कारणं कायद्यात मोजकी आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय न भरणं, संमती देण्याच्या मानसिक स्थितीत नसणं, निषिद्ध नात्यात असणं. कुणाला लग्न पसंत नाही, हे त्यात बसत नाही. तरी ते 30 दिवस मी नीट झोपले नाही. दोन सज्ञान माणसांचा निर्णय असा भिंतीवर लावणं मला आजही चुकीचं वाटतं.

वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला अर्ज दिला. पहिल्या बैठकीत तो बाजूला ठेवला गेला. उद्या प्रत्येकजण मागेल, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. खाली अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची चाळीसएक मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. आमच्या ग्रंथपाल बाईंनी मला एकच सांगितलं, "मंडळाशी नंतर बोल. आधी खाली जाऊन त्या मुलांशी बोल." मी गेले. मुलांनी दोन अटी घातल्या: माईक नको आणि दुपारी दोनला सगळं आवरलेलं हवं. त्या अटी जशाच्या तशा लिहून, खाली मुलांच्या सह्या घेऊन अर्ज परत दिला. मंजूर झाला. पुस्तकांच्या दालनात खाणं नाही, पंगत मागच्या अंगणात, ही त्यांची भर.

लग्न सत्यशोधक पद्धतीनं लावायचं ठरलं. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच डिसेंबरमध्ये पुरोहिताशिवाय पहिलं लग्न लावलं. हे मी शाळेत वाचलं होतं. पण त्यांच्या मंगलाष्टकांत वधू नुसती उभी राहत नाही, ती वराकडे स्त्रियांचे हक्क मागते आणि वर तशी शपथ घेतो, हे मला शेजारच्या तालुक्यातल्या विधीकर्त्यांनी समजावलं. ते निवृत्त शिक्षक. त्यांनी आम्हाला घरी अभ्यास दिला: स्वतःची शपथ स्वतः लिहून आणा.

मी दोन पानं लिहिली. समता, सहजीवन, विश्वास. गुरुजींनी ती वाचली आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे सोमवारी सकाळी काय करणार?" आम्ही परत बसलो. शेवटी चार ओळी उरल्या. दोघांच्या पगाराचा हिशेब दोघांना माहीत असेल. माझं आडनाव माझंच राहील. त्याच्या आईच्या आणि माझ्या आजीच्या दवाखान्याला ज्याला रजा मिळेल तो जाईल. भांडण झालं तर बोलणं बंद करायचं नाही. या चार ओळींवर आम्ही तीन संध्याकाळी घासाघीस केली, आणि लग्नाच्या सगळ्या तयारीत तेवढंच काम खऱ्या अर्थानं लग्नाचं होतं असं मला वाटतं.

अधिकाऱ्यांनी वाचनालयात यावं अशी विनंतीही केली होती. जादा शुल्क भरून कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावर लग्न लावण्याची तरतूद कायद्यात आहे. पण आमचं अंतर बरंच होतं आणि वार रविवार. म्हणून शुक्रवारी जिल्ह्याच्या ठिकाणी, रविवारी गावात.

शुक्रवारी तीन साक्षीदार लागणार होते. आदल्या रात्री काकांनी नकार कळवला. सकाळी साडेसहाला मी ग्रंथपाल बाईंच्या दारात उभी. त्यांनी काही विचारलं नाही. आधार कार्ड पर्समध्ये टाकलं, वाचनालयाची किल्ली शिपायाच्या हाती दिली आणि गाडीत बसल्या.

कार्यालयात लाकडी टेबल, त्यावर काच, काचेखाली जुनी कॅलेंडरची पानं. तीन साक्षीदारांसमोर एक वाक्य म्हणायचं असतं, तुम्हाला समजेल त्या भाषेत. मी म्हटलं, मी तुझा माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते. आवाज घशातच राहिला. अधिकारी म्हणाले, "जरा मोठ्यानं म्हणा ताई, साक्षीदारांना ऐकू यायला हवं." दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मागे बाबांनी नाक पुसल्याचा आवाज आला. त्याचंही वाक्य झालं. मग विवाह प्रमाणपत्राच्या वहीत सह्या, तिसरी बाईंची.

रविवारी मी नऊला वाचनालयात पोहोचले तर आजी पायरीवर बसलेली, शेजारच्या चार बायका बरोबर, मध्ये झेंडूचा ढीग. प्रत्येक फूल मोडून पाकळ्या सुट्या करत होत्या. त्यांनी कागदाच्या पुड्या बांधल्या, एकशेदहा माणसांना एकशेदहा. सत्यशोधक लग्नात अक्षतांऐवजी फुलं वापरतात, हे गुरुजींनी तिला फोनवर सांगितलं होतं. बाकी सगळं तिनंच ठरवलं. माईक नसल्यामुळे माणसं पुढे सरकून, श्वास धरून ऐकत होती. आमच्या चार ओळी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचल्या. "शुभमंगल सावधान" झालं आणि पाकळ्या कपाटांवर, पंख्याच्या पात्यांवर, सगळीकडे. पावणेदोनला अभ्यासिकेतल्या मुलांनीच झाडू हातात घेतला.

आहेर नको, वाटलं तर वाचनालयासाठी एखादं पुस्तक आणा, असं पत्रिकेत लिहिलं होतं. रुखवताच्या टेबलावर ती मांडली होती. 83 आली. पुढचे दोन आठवडे मी संध्याकाळी बाईंकडे जाऊन बसायचे. त्या दाखल क्रमांक सांगायच्या, मी नोंदवहीत लिहायचे. एकाच पुस्तकाच्या चार प्रती निघाल्या, त्यातल्या दोन शाळेला दिल्या. तेव्हा तुम्ही असं काही ठरवलंत तर ग्रंथपालांकडून हव्या असलेल्या पुस्तकांची यादी आधी घ्या आणि ती पाहुण्यांना पाठवा.