आज पुन्हा २४०

सहाच्या खानापूर बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, आज जमलेली गोष्ट तेवढीच. बेळगावच्या लॅबमध्ये दिवसभर औषध भरलेले लिपिडचे, म्हणजे चरबीसारख्या पदार्थाचे, कण बनवले. मोजले तर सरासरी २४० नॅनोमीटर. हवेत १०० च्या आत. (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर. भांडण त्या मापावरनं.)

घरी आजी सोप्यात तांदूळ चाळत बसलेली. "आज काय मोजलंस गं?"

सांगणार कसं? म्हटलं, "हाताला जखम झाली की काखेत अवधाण येतं ना? त्या गाठीपर्यंत औषध न्यायचंय."

मग तिचीच चाळण पुढं ओढली. कातडीखाली टोचलेले कण १० नॅनोमीटरपेक्षा बारीक असले तर बरेचसे रक्तात निसटतात. साधारण १०० च्या वर गेले की टोचल्या जागीच अडकून बसतात. मधले तेवढे लसिकावाहिन्यांत, म्हणजे पेशींभोवतीचं पाणी (लसिका) गाठींकडे नेणाऱ्या बारीक नळ्यांत, शिरतात, कारण तिथल्या पेशींमधल्या फटी रक्तकेशिकांपेक्षा मोठ्या. तिथनं लसिकेबरोबर वाहत सरळ गाठीत.

"म्हंजे कणी बी नको, खडा बी नको," आजी.

माझ्या गाईडनी हेच समजवायला दोन तास घेतले होते!

कण वाटेत चिकटू नयेत म्हणून वर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर देतात, ते काही सांगितलं नाही. उद्या सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी कण बारीक करणारं यंत्र) जास्त वेळ चालवेन, बर्फात ठेवून, नाहीतर सगळं तापतं. कालही हेच ठरवलं होतं.

कणी कोंबड्यांना गेली.