तंजावरमध्ये एकटीने चार दिवस

तंजावर एका दिवसात होतं, असं मला निघण्याआधी तिघांनी सांगितलं. सकाळी मोठं देऊळ, दुपारी राजवाडा, संध्याकाळी पुढच्या गावची बस. मी मात्र दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस तिथेच काढले, आणि त्यातल्या तीन दिवशी त्याच देवळात गेले. कुणी विद्यार्थी सुट्टीत तिकडे जायचा विचार करत असेल, तर पहिलं सांगणं हेच: दक्षिणेतली पाच गावं एका आठवड्यात कोंबू नका. एकच गाव धरा आणि तिथेच राहा.

आधी पोहोचण्याचं. मुंबई-पुण्याकडून चेन्नईपर्यंत रेल्वे, तिथून रात्रीची गाडी धरली की सकाळी तंजावर. चेन्नई सेंट्रलला उतरलात तरी दक्षिणेकडच्या बहुतेक गाड्या एग्मोर स्थानकातून सुटतात. दोन्ही स्थानकं जवळ असली तरी सामान घेऊन रस्ता पार करायला वेळ लागतो, म्हणून मध्ये निदान तीन तास ठेवा. दुसरा मार्ग तिरुचिरापल्लीवरून. तिथून तंजावर साधारण पंचावन्न-साठ किलोमीटर आहे आणि दिवसभर बसगाड्या चालू असतात.

हवामानाचं मात्र नीट ऐका. आपल्याकडे दिवाळीत पाऊस गेलेला असतो. तमिळनाडूत तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हाच तिकडचा मुख्य पावसाळा. मी गेले तेव्हा चारपैकी दोन दिवस दुपारनंतर धो धो कोसळत होता. छत्री, लवकर वाळणारे कपडे आणि वहीसाठी प्लास्टिकची पिशवी हवीच. तिकडची दिवाळी मुख्यतः एका दिवसाची, नरकचतुर्दशीची. तिच्या आगेमागे गाड्या भरून वाहतात, म्हणून मी ती उलटल्यावर निघाले.

राहण्यासाठी जुन्या बसस्थानकाच्या आसपास खोली बघा. देऊळ, राजवाडा, बाजार सगळं तिथून चालत होतं. नवं बसस्थानक गावापासून चार-पाच किलोमीटर बाहेर आहे, आणि हा फरक मला चांगलाच भोवला, ते पुढे सांगते. पहिल्या लॉजवर एकटी मुलगी म्हणून खोली द्यायला नकार मिळाला. भर सकाळ होती म्हणून निभावलं, रात्री पोहोचले असते तर रडू आलं असतं. तेव्हा पहिल्या रात्रीची खोली फोन करून, 'एकटीच येणार आहे' असं स्पष्ट सांगून ठरवा आणि गावात उजेडी पोहोचा. दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाई स्वतः खाली बसायच्या. त्यांनी ओळखपत्र बघितलं, घरचा नंबर लिहून घेतला आणि रोज संध्याकाळी मी परतले की नाही हे पाहायला मान वर करायच्या. मला त्याचा आधार वाटला.

भाषेची अडचण येते. पाट्या तमिळमध्ये, बसच्या पाट्याही तमिळमध्ये, आणि हिंदी फारशी चालत नाही. मोडकं इंग्रजी आणि चार तमिळ शब्द यांवर माझं भागलं. पुरुषांना 'अण्णा', बायकांना 'अक्का' म्हटलं की समोरचा माणूस थांबून ऐकतो. 'एव्वळवु' म्हणजे किती. 'पोदुम' म्हणजे पुरे. केळीच्या पानावर भात वाढणारा हात थांबवायचा तर हा शब्द हवाच. बृहदीश्वर मंदिर असं रिक्षावाल्याला सांगत बसू नका. तिथे त्याला सगळे 'पेरिय कोविल', म्हणजे मोठं देऊळ म्हणतात. रोज सकाळी जायच्या जागांची नावं मालकीणबाईंकडून तमिळमध्ये चिठ्ठीवर लिहून घेत होते. ती चिठ्ठी आणि बसची पाटी शेजारी धरून अक्षरांचे आकार जुळवायचे. दोन दिवसांत 'तंजावूर' हा शब्द मला चित्रासारखा ओळखू यायला लागला.

आता देऊळ. राजराज चोळाने बांधलेलं, 1010 मध्ये पूर्ण झालेलं, विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, उंची साधारण 66 मीटर, सगळं ग्रॅनाइटमध्ये. हे आकडे मला पाठ होते, पण दोन गोपुरं ओलांडून आतल्या आवारात पाय टाकल्यावर ते आठवले नाहीत. आवार इतकं प्रशस्त आहे की त्या उंचीचा भार अंगावर येत नाही. मान वर न करताही देऊळ पूर्ण दिसतं. पुढ्यात एकाच दगडातला नंदी. तो चोळांचा नाही, नंतरच्या नायक राजांच्या काळातला. या शहरात हे सतत होतं: चोळांचं देऊळ, पांड्यांच्या काळातलं देवीचं मंदिर, नायकांचं कोरीव सुब्रह्मण्य मंदिर, मराठ्यांनी नव्याने बांधलेलं गणपतीचं देऊळ, सगळं एकाच तटाच्या आत.

वेळ फार महत्त्वाची. पहाटे सहाला किंवा दुपारी साडेचारनंतर जा. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि ऊन असेल तर दुपारी तो दगड पाय भाजतो. शिवाय साधारण साडेबारा ते चार गाभारा बंद असतो. या विमानाची सावली जमिनीवर पडतच नाही, असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. मला दोघांनी सांगितलं. साडेचारला ऊन पडलं होतं तेव्हा ती लांबच्या लांब सावली आवारात पसरलेली मी पाहिली, तिच्यात बसून वही काढली. देवळाचं खरं नवल ऐकायचं असेल तर विमानाच्या पायथ्याशी फिरा. तिथल्या तमिळ कोरीव लेखांमध्ये राजराजाने देवळाला दिलेली दानं आहेत, आणि देवळातल्या इतर लेखांत निरनिराळ्या गावांहून आणलेल्या चारशे नर्तकींची नावंसुद्धा. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्या नावांवरून चालत जाताना ते खूप जाणवलं.

आणि मग दुसऱ्या दिवशी ती भिंत भेटली.

आवाराच्या कडेने चारही बाजूंनी ओवऱ्या आहेत, शिवलिंगांच्या रांगा असलेल्या. गर्दी नंदी आणि गाभारा यांच्यामध्येच फिरते, तिकडे फारसं कुणी वळत नाही. पावसासाठी मी नैऋत्येच्या कोपऱ्यात, गणपतीच्या देवळाजवळ आडोशाला गेले आणि भिंतीवर देवनागरी दिसली. दोन दिवस सगळ्या शहरात एकही पाटी वाचता आली नव्हती, आणि इथे भिंतभर अक्षरं मला कळत होती. हा भोसले घराण्याचा इतिहास. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये तो मराठीत कोरवून घेतला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतलं, आणि 1855 पर्यंत हे घराणं इथे होतं, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकात वाचणं वेगळं. इथे मी मान वाकडी करून, पुसट अक्षरं जुळवत एक-एक ओळ लावत होते. जुनी मराठी, कित्येक शब्द अडणारे, मध्येच एखादं ओळखीचं नाव. मी तिथे दोन तास होते. बरोबर कुणी असतं तर दहा मिनिटांत 'चल आता' झालं असतं. एकटीने गेल्याचा सगळ्यात मोठा लाभ मला त्या कोपऱ्यात कळला.

तुम्ही गेलात तर तिथे निवांत वेळ काढून जा. अक्षरांवर हात फिरवू नका, खडू किंवा पाणी लावू नका. फोटो काढून खोलीवर मोठा करून वाचणं सोपं जातं, मी शेवटी तेच केलं.

राजवाड्यासाठी अख्खा दिवस ठेवा. मूळ वाडा नायकांचा, मराठ्यांनी वाढवलेला. आत वेगवेगळी दालनं वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत, त्यामुळे तिकिटंही वेगवेगळी. सुटे पैसे ठेवा आणि प्रत्येक तिकीट जपून ठेवा. कुठलं दालन त्या दिवशी उघडं आहे ते आदल्या दिवशीच खिडकीवर विचारा.

कलादालनातल्या चोळ काळातल्या कांस्यमूर्तींपुढे मी सकाळ घालवली. त्यातली एक शोधाच: तिरुवेण्काडूहून आलेली, 1011 सालची वृषवाहन, म्हणजे नंदी हे वाहन असलेल्या, शिवाची मूर्ती. डोक्यावर केसांचं मुंडासं बांधल्यासारखं, एक पाय दुसऱ्यावर सैल टाकलेला, आणि एक हात हवेत टेकलेला. त्या हाताखाली कधीतरी नंदी होता, तो आता नाही. पण हात इतका निश्चिंत टेकलाय की काही वेळाने मला नंदी तिथेच आहे असं वाटायला लागलं. वृषवाहन म्हणजे काय ते माहीत नसलेल्या एका लहान मुलीने आईला काहीतरी विचारलं आणि स्वतःचा हात तस्साच हवेत टेकवून उभी राहिली.

सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय छोटं आहे, म्हणून लोक पाच मिनिटांत बाहेर पडतात. तसं करू नका. ताडपत्रं, तमिळ, संस्कृत, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितं, आणि या सगळ्यामागे सरफोजी नावाचा राजा. 1799 नंतर राज्यकारभार इंग्रजांकडे गेला, सत्ता नावापुरती उरली, आणि या माणसाने ग्रंथ जमवले, देवनागरी छापखाना काढला, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह लिहवून घेतल्या. मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी इथे यावं असं मला मनापासून वाटतं. मोडी येत असेल तर आधी पत्रव्यवहार करून जा. मराठ्यांच्या दरबाराचे मोडी कागद या शहरात भरपूर आहेत आणि ते वाचणारी माणसं हवी आहेत.

सरफोजीचे शिक्षक, मिशनरी श्वार्ट्झ, यांच्या नावाचं 1779 चं चर्च शिवगंगा तलावाजवळ आहे. आत संगमरवरी शिल्प आहे: अंथरुणाला खिळलेले श्वार्ट्झ आणि त्यांना भेटायला आलेला राजा. देवळापासून चालत जाता येतं.

तिसऱ्या दिवशी बसने कुंभकोणम आणि जवळच्या दारासुरमला गेले. ऐरावतेश्वराचं देऊळ तंजावरच्या मानाने लहान, पण रथाची चाकं आणि घोडे कोरलेला मंडप बघायला तिथे गर्दी नव्हती. परत येताना पाऊस, काचा बंद, बाहेर काळोख. कंडक्टरला नुसतं 'बस स्टँड' म्हटलं आणि बसने मला थेट नव्या स्थानकावर आणून सोडलं. रात्रीचे साडेआठ, गाव चार-पाच किलोमीटर लांब. मी फळं विकणाऱ्या एका अक्कांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी गाळा शेजारणीवर सोपवून मला शहर बसच्या फलाटावर नेलं, कंडक्टरला काहीतरी बजावलं आणि बस सुटेपर्यंत उभ्या राहिल्या. तेव्हा तिकीट काढताना 'जुनं' हा शब्द आवर्जून सांगा: 'पळय बस स्टँड'. आणि बाहेरगावच्या फेरीहून उजेड असतानाच परता.

तुम्ही साधारण याच दिवसांत जाणार असाल तर आणखी एक. आइप्पसी महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, शततारका नक्षत्रावर देवळात राजराजाचा जन्मोत्सव होतो. तारीख दरवर्षी बदलते. उत्सव बघायचा असेल तर खोली आधी घ्या, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा.

शेवटच्या सकाळी सहा वाजता पुन्हा मोठ्या देवळात गेले. दगड ओला आणि गार होता. आधी विमानाला एक फेरी घातली, मग कोपऱ्यातल्या ओवरीत जाऊन परवा जिथे थांबले होते तिथून पुढे वाचायला लागले. गाडी साडेनऊची होती. आठ वाजेपर्यंत आणखी थोडा भाग झाला. उरलेल्या भिंतीचे फोटो माझ्याकडे आहेत, रोज दोन-तीन ओळी लावते आहे.