"१६५ हर्ट्झ चालवून दाखवा" म्हटल्यावर

मॉनिटरच्या दुकानात रिझोल्यूशन डोळ्यांना दिसतं, रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो आकडा, हर्ट्झमध्ये) मात्र खोक्यावर वाचावा लागतो. माझी सगळी चिडचिड या एकाच गोष्टीवर आहे आणि ती अजून उतरलेली नाही.

बजेट वीस-बावीस हजार. कॉम्प्युटर घरी होताच, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाचा. जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर तेवढा बदलायचा होता. त्या पैशात २७ इंची फोर के पण ६० हर्ट्झ, २७ इंची १४४०पी १६५ हर्ट्झ, नाहीतर २४ इंची १०८०पी २४० हर्ट्झ असं काहीतरी बसत होतं. भाचा व्हॅलोरंटवाला (गोळीबाराचा ऑनलाइन गेम), त्याचं उत्तर तयार: "मामा, २४० घे, बाकी सगळं फालतू." पण मी दिवसभर एक्सेल आणि मराठी मजकुरात असतो, रात्री फोर्झा होरायझन ५ नाहीतर सायबरपंक हे गेम.

फोर के कागदावरच बाद झालं. १०८०पी म्हणजे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी ३६.९ लाख, फोर के ८२.९ लाख. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे एकेका चित्राला, एवढे ठिपके कार्डाने रंगवायचे. जड गेममध्ये ३०६०ला ते झेपणारं नाही.

आता पुण्याची तापकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. पहिल्या दुकानात (नाव घेत नाही) भिंतभर मॉनिटर. कोपऱ्यातल्या फोर केला वेगळा कॉम्प्युटर, त्यावर पोपट आणि धबधबे; पोपटाचं पीस न् पीस मोजून घ्यावं असं. बाकी सगळे 'गेमिंग' मॉनिटर एकाच स्प्लिटरवर (एक सिग्नल सगळ्यांना वाटणारा डबा) आणि सगळ्यांवर एकच गाडीचा व्हिडिओ. स्प्लिटरमधून सिग्नल येतोय ६० हर्ट्झचा. मग मॉनिटर ७५चा असो की २४०चा, फरक दिसणार कुठून? गिऱ्हाईक पोपट बघतं आणि फोर के उचलतं.

मी म्हटलं, "हा १६५वर चालवून दाखवा."

"सर, हा १६५च आहे. खोक्यावर लिहिलंय ना."

"खोक्यावर आहे हो, स्क्रीनवर किती चाललाय?"

त्याने मॉनिटरचा मेन्यू उघडला. वर स्वच्छ लिहिलेलं: १९२० × १०८०, ६० हर्ट्झ. "ते डेमोचं आहे सर. घरी आपोआप १६५ होतं."

होत नाही! विंडोज पुष्कळदा ६०वरच बसून राहतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन आकडा हाताने बदलावा लागतो. कित्येक लोक १६५चे पैसे भरून वर्षानुवर्षं ६०च वापरत असतील.

ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर जोडा म्हटलं, तर "शेठ येऊ द्या". शेठ जेवायला गेलेले. आल्यावर म्हणाले, "खोकं फोडलं की घ्यावंच लागेल." अहो, फोडलेला पीस भिंतीवर टांगलाय, त्यालाच वायर लावायची आहे! मग डिस्प्लेपोर्टची केबल सापडेना. शेवटी मला "सर, एवढं कोण बघतं?" असं ऐकवण्यात आलं. मी बघतो. माझे पैसे आहेत.

गल्लीत जरा आत एक पोरगा टेबलावर कोणाचा तरी कॉम्प्युटर जुळवत बसला होता. त्याने एका शब्दात केबल लावली, १६५ केलं आणि माउस माझ्या हातात दिला. कर्सर पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला झपकन न्यायचा. पाव सेकंद लागला तर ६० हर्ट्झवर कर्सर पंधराच ठिकाणी दिसतो, मधे रिकाम्या फटी. १६५वर एक्केचाळीस ठिकाणी, जवळजवळ सलग पट्टा. गेमची गरजच नाही, दुकानात हीच चाचणी करा.

भाच्याचं २४० पण तिथेच निकालात निघालं. ६०वर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १६५वर ६.१, २४०वर ४.२. पहिल्या उडीत दहा मिलिसेकंद वाचतात, दुसरीत दोनसुद्धा नाहीत. स्पर्धेत उतरणाऱ्याने त्या दोनाचा विचार करावा. १४४०पी १६५ त्याच पोराकडून घेतला.

केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नाही. माझ्या मॉनिटरचं एचडीएमआय १४४लाच थांबतं, पूर्ण १६५ला डिस्प्लेपोर्टच लागतं. आणि हो, पडद्याचं पॅनेल व्हीए प्रकारचं असेल तर दुकानात काळोखी दृश्यं हलवून बघा, बऱ्याच व्हीएंवर काळ्या रंगाची शेपूट मागे ओढली जाते. मी आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा घेतला.

मराठी वाचणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो: २७ इंचावर १०८०पी घेऊ नका. इंचाला ८२च पिक्सेल पडतात, बारीक अक्षरात 'र्क्यां'सारख्या ठिकाणी रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. १४४०पीवर १०९ पडतात, निवांत वाचता येतं.

सायबरपंक डीएलएसएस (चित्र कमी पिक्सेलमध्ये रंगवून मग मोठं करणारी कार्डाची सोय) लावून सेकंदाला ६०-७० फ्रेम देतं, म्हणजे तिथे १६५ गाठलं जातच नाही. पण जी-सिंक चालू ठेवलं की मॉनिटर कार्डाच्या चालीने चालतो, चित्र मधेच फाटत नाही. ते मात्र एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये चालू आहे ना, एकदा बघून घ्या.