तुम्ही विचारलंत म्हणून: सिबेलियसच्या स्मारकात सिबेलियस कुठे आहे?

फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याचं हेलसिंकीतलं स्मारक पाहून आलेले लोक फोटो दाखवतात आणि ठरलेलं विचारतात, "संगीतकाराचं स्मारक ना? मग नुसत्या नळ्याच का? आणि तो चेहरा बाजूला कशाला?" आजवर दोन वाक्यांत उरकत आले, आता नीट सांगते.

माणूस घडवता येत नाही म्हणून या स्मारकाची शिल्पकार एइला हिल्तुनेन (१९२२–२००३) नळ्यांकडे वळली, हा समज आधी काढून टाका. तिची सुरुवातीची कामं दगडातली, ब्राँझमधली, माणसांचीच आहेत. नळ्या ऑर्गन या चर्चमधल्या नळ्यांच्या वाद्यासारख्या दिसतात आणि सिबेलियसनं ऑर्गनसाठी फारसं लिहिलं नाही, हा आक्षेप तेव्हाही होता. खराच आहे. पण तिला वाद्य दाखवायचं नव्हतं, त्याच्या संगीताचा गाभा पकडायचा होता.

आणि तो स्टेनलेस स्टीलमध्ये! सहाशेहून अधिक पोकळ नळ्या, वजन २४ टन, उंची साडेआठ मीटर. हा धातू वेल्डिंगला हट्टी. साध्या पोलादाच्या जेमतेम तिसरा हिस्सा उष्णता तो वाहून नेतो, पण तापला की जवळजवळ दीडपट फुगतो. आच जोडापाशीच साचते आणि निवताना जोड आकसून नळीला ओढतो. एका बाजूनं सलग वेल्ड मारलं की नळी वाकलीच. म्हणून आधी समोरासमोर टॅक, म्हणजे छोटे तात्पुरते वेल्ड, मारायचे, मग थोडं इकडे, थोडं तिकडे, मधे निवू द्यायचं. जोडाभोवती पिवळा-निळा डाग येतो. दिसतो सुंदर, पण त्याखाली क्रोमियम कमी झालेला असतो आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. लोखंडावर वापरलेलं ग्राइंडरचं चाक याला लावलं, तर कण रुतून कोऱ्या स्टीलवर तांबूस ठिपके उठतात. शिवाय धुरातला क्रोमियम फुफ्फुसात जातो तो वेगळाच. "नुसत्या नळ्या" म्हणताना एवढं ध्यानात असू द्या.

आता चेहरा. सिबेलियस १९५७ साली गेला. स्मारकाच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत पन्नासेक शिल्पकार उतरले, तरी निर्णय झाला नाही. दुसऱ्या फेरीत हिल्तुनेन जिंकली आणि गदारोळ उठला. त्याच शहरात १९६० साली शिल्पकार आइमो तुकिआइनेननं घडवलेला, फिनलंडचा सेनानी आणि राष्ट्राध्यक्ष मानरहाइम याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला होता. स्मारक म्हणजे माणूस दिसायलाच हवा, ही अपेक्षा फक्त आपल्या चौकांत नसते. शेवटी तिनं चेहरा जोडला, आणि ७ सप्टेंबर १९६७ रोजी स्मारकाचं अनावरण झालं.

पूर्वी मी याला सरळ शरणागती म्हणायचे. आता तसं म्हणवत नाही, कारण तिनं चेहरा नळ्यांत कोंबला नाही, शेजारी खडकावर वेगळा ठेवला. मूळ रचनेला धक्का लागू दिला नाही. पण म्हणून तो तिथे हवाच होता, असंही मी मानत नाही. लोक चेहऱ्यापाशी फोटो काढतात आणि नळ्यांखाली न शिरताच परततात, हे मला अजून खुपतं. खाली उभं राहून वर पाहिल्याशिवाय, प्रत्येक नळीचा वेगळा खडबडीतपणा जवळून बघितल्याशिवाय, "सिबेलियस कुठे आहे" हे विचारू नका.