पांढरी चार ते काळी दोन

माझे धाकटे दीर १९८८ साली जर्मनीहून आले, तेव्हा पिशवीभर कॅसेट घेऊन आले होते. त्यातली एक माझ्या वाट्याला आली: गायिका जोन सदरलंड यांची ‘लुचिया दी लाम्मेरमूर’. ऑपेरातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण दुसऱ्या कॅसेटवर एक जागा होती, तिथे वाद्यवृंद थांबतो आणि गाणारीचा आवाज आणि बासरी दोघंच उरतात. ती एक तान घेते, बासरी तीच परत म्हणते, मग दोघं एकमेकांच्या अंगावरून धावत वर चढतात. भाजी फोडणीला टाकून मी किती वेळा ती जागा मागे नेऊन ऐकली असेल! घरातल्यांना ती पाठ झाली होती.

लुचियाचं जबरदस्तीने लग्न लावतात, पहिल्याच रात्री ती नवऱ्याला भोसकते आणि रक्ताने माखलेले कपडे घालून पाहुण्यांसमोर येते. तिला वेड लागलंय. ती जागा त्या प्रवेशातली. मी वर्षानुवर्षं समजत होते की त्या वेडाला हा आवाज ऑपेराचा रचनाकार गाएतानो दोनिझेत्ती याने दिला.

तो त्याने दिलेला नाही. रोमाना मार्गेरिता पुलिएसे या संशोधिकेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात हे नीट मांडलं आहे. नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात २६ सप्टेंबर १८३५ ला हा ऑपेरा पहिल्यांदा झाला, तेव्हा बासरीबरोबरची ती सवाल-जवाबाची लांबलचक जागा त्यात नव्हती. ती आली पॅरिसमध्ये, १८८९ साली, नेली मेल्बा तिथे लुचिया गायल्या तेव्हा. दोनिझेत्ती वारला १८४८ मध्ये. म्हणजे माझी सर्वांत आवडती जागा त्याच्या मरणानंतर चाळीस वर्षांनी त्याच्या नावावर चढली.

मी तीस वर्षं मुद्रितशोधन केलं. एका पुस्तकाच्या चार आवृत्त्या समोर ठेवून कोणता शब्द लेखकाचा आणि कोणता जुळाऱ्याचा, हे शोधण्यात माझे डोळे गेले. पुण्यात राहणाऱ्याला ‘चिकित्सक आवृत्ती’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, भांडारकर संस्थेने महाभारतासाठी तेच केलं. पण इटालियन ऑपेराच्या बाबतीतही तसंच काम चालतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि तिथे पाठभेद तर रग्गड. जोव्हानी रिकॉर्दीने १८०८ मध्ये मिलानला छापखाना काढला, त्याआधी तो नकलनवीस होता. त्या काळात ऑपेरा गावोगावी जायचा तो नकलांच्या आधारे. गावातल्या गायिकेचा गळा, तिथला वाद्यवृंद आणि तिथले सरकारी परीक्षक, तिघांच्या मर्जीने पानं बदलायची. पुढे छापील प्रत आली आणि त्या सगळ्या तडजोडींवर ‘मूळ’ असा शिक्का बसला.

वाद्यवृंद-संचालक आल्बेर्तो झेद्दांची गोष्ट मी माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाला सांगते. त्यांनी रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ची छापील सामग्री रिकॉर्दीकडून भाड्याने घेतली आणि बोलोन्यातल्या हस्तलिखिताशी ताडून त्यात दुरुस्त्या केल्या. प्रत परत गेली तेव्हा कंपनीने पानं खराब केल्याबद्दल भरपाई मागितली. झेद्दांनी सांगितलं, मी खराब केली नाहीत, चुका तुमच्या आहेत. कंपनीने तपासून पाहिलं आणि शेवटी संपादनाचं काम त्यांच्याकडेच सोपवलं. १९६९ साली ती चिकित्सक आवृत्ती निघाली. आज रोसिनी, दोनिझेत्ती, व्हेर्दी तिघांच्याही अशा मालिका आहेत. व्हेर्दीच्या मालिकेची धुरा शिकागोच्या फिलिप गॉसेट यांनी अनेक वर्षं वाहिली.

आता लुचियाकडे. हस्तलिखितातल्या त्या प्रवेशाच्या एका पानाचं छायाचित्र माझ्या भाचीने मला पाठवलं. ती पाश्चात्त्य संगीत शिकते. मी ते मोठं करून भिंग लावून पाहिलं. एक ओळ शाईने खोडलेली आहे. ती ओळ काचेच्या आर्मोनिकाची. आडव्या दांड्यावर एकात एक बसवलेले काचेचे वाडगे, दांडा पायाने फिरवायचा आणि ओल्या बोटांनी कडा चोळायच्या. बेंजामिन फ्रँकलिनने १७६१ मध्ये ते वाद्य बनवलं. आपलं जलतरंग काडीने वाजतं, त्याला आघात असतो. इथे आघातच नाही, सूर कधी सुरू झाला ते कळत नाही, पेल्याच्या कडेवरून बोट फिरवल्यावर येतो तसा तो हवेत आधीपासूनच होता असं वाटतं. ऑपेराची संहिता लिहिणाऱ्या कम्मारानोच्या शब्दांत लुचिया विचारते, ‘हे स्वर्गीय संगीत तुला ऐकू येत नाही का?’ त्यात ‘आर्मोनिया’ हाच शब्द आहे. दोनिझेत्तीने तिला तो सूर खरोखरच ऐकवला होता, आणि तो काचेचा होता.

मग वादक दोमेनिको पोत्सी याचं आणि नाट्यगृहाचं बिनसलं. तो गेला. दोनिझेत्तीने स्वतःच्या हाताने ओळ खोडली आणि बासरीसाठी लिहिलं. मी आयुष्यभर खोडाखोड वाचली आहे, घाईत मारलेली रेघ मला ओळखता येते. ती मन बदलल्याची रेघ वाटत नाही. प्रयोग उद्यावर आलाय आणि वाजवायला माणूस नाही, त्याची ती रेघ आहे.

पट्टीचंही तेच. त्याने तो प्रवेश पांढरी चारमध्ये लिहिला होता, आपण ऐकतो काळी दोनमध्ये, अख्खा एक स्वर खाली. खाली का? तर शेवटाला त्याने न लिहिलेला टिपेचा सूर लावता यावा म्हणून. वरचा एक सूर मिळवण्यासाठी सगळा प्रवेश उतरवला. हे मला खरोखर खटकतं. पट्टी उतरली की त्या काचेची चमक जाते.

बासरीच्या त्या जागेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. दोनिझेत्तीने तिथे गाणारीसाठी जागा मोकळी सोडली होती. आपल्याकडे नाट्यपदात गायक आपली तान घेतो तसंच, पहिली लुचिया फॅनी ताक्किनार्दी-पेर्सियानी स्वतःचं काही तरी गायली असणार. मेल्बांनी आपलं गायलं, त्यात चूक काही नाही. चूक नंतरच्यांची. एका बाईची एका रात्रीची तान छापून तिचा नियम केला, आणि पुढे लोकांनी तिच्यावरून दोनिझेत्तीला वेड कसं दिसलं यावर लिहिलं! १८८९ च्या पॅरिसला वेड कसं दिसलं, तेवढंच त्यातून कळतं.

असाच घोळ व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’चा. ९ मार्च १८४२ ला मिलानमध्ये, ऑस्ट्रियाच्या अमलाखाली, लोकांनी ‘व्हा पेन्सिएरो’ हे गुलामांचं समूहगीत पुन्हा गायला लावलं, ही गोष्ट शाळेतल्या धड्यासारखी सांगितली जायची. संगीताचे अभ्यासक रॉजर पार्कर यांनी चिकित्सक आवृत्तीसाठी त्या वेळची वर्तमानपत्रं काढून वाचली. पुन्हा गायलं गेलं होतं ते शेवटचं स्तोत्र, ‘इम्मेन्सो येहोवा’. विसाव्या शतकातल्या एका चरित्रकाराने परीक्षणं अशी जोडली होती की मान दुसऱ्याच गाण्याला मिळाला. तरी १९०१ मध्ये व्हेर्दीची शवपेटी मिलानमधून नेताना वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनींनी जे गाऊन घेतलं ते ‘व्हा पेन्सिएरो’च. तोवर लोकांनी ते आपलं मानलं होतं, आणि तेही तितकंच खरं आहे.

गेल्या महिन्यात भाचीने मला बेव्हर्ली सिल्स यांचं १९७० चं ध्वनिमुद्रण ऐकवलं, त्यात काचेचा आर्मोनिका आहे. आम्ही दिवे मालवून ऐकलं. पहिला सूर आला तेव्हा ती म्हणाली, ‘मावशी, कुठून येतोय गं हा?’ मी उत्तर दिलं नाही, मला बोलवेना.

नंतर जुनी कॅसेट काढली. डबीतल्या कागदावर त्या प्रवेशाच्या ओळीपुढे शिसपेन्सिलीने लिहिलं: ‘बासरीची जागा दोनिझेत्तीची नाही. पॅरिस, १८८९.’ मग सवयीने हात काट मारायला गेला. मारली नाही. त्या ओळीखाली टिंबं दिली, प्रुफात देतो तशी, आणि समासात लिहिलं, ‘राहू द्यावे’.